दहापैकी किती

डाक्टर म्हणाले, दहापैकी किती दुखतं?
मी म्हटलं, आमच्याकडे कुडो असतो, पायली असते,
फार झालं तर खंडी.
दहा कशाचे, साहेब?
ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

एकोणीस वर्षं मांडीवर कोसा कातला.
लुगडं वर सारायचं, तळहाताला चिमूटभर राख,
आणि शिजलेल्या कोशातून निघणारा धागा
उघड्या कातड्यावर वळत वळत न्यायचा.
तिथली लव कधी गेली, आठवत नाही.
कातडं काळं पडलं, मग गुळगुळीत झालं,
सून म्हणते, खुर्चीच्या हातासारखं.
मग दुखणं कातडं सोडून आत शिरलं,
कंबरेतून घोट्यापर्यंत,
मोटारीची वायर पाण्यात पडावी तसं.

भंडाऱ्याला फोटो काढला.
फोटो स्वच्छ.
गोपीचंदनं तो दारातल्या उजेडात धरला,
पोरांनी पाहिला, शेजारची शेवंता येऊन पाहून गेली.
"काहीच तं नाही दिसून रायलं वहिनी."
त्या दिवसापासून मी घरातली
नाटकी बाई.

पाय सुजला असता तर बरं झालं असतं.
हे मी देवाजवळ मागितलंय,
नागदिव्याच्या संध्याकाळी,
घरातल्या पुरुषांच्या नावाचे दिवे उकडताना.
माझ्या नावाचा दिवा नसतोच,
म्हणून मागणंही कुणाच्या हिशेबात आलं नसेल.

हळूहळू बोलणं कमी झालं.
लग्नाला गेले नाही, बारशाला गेले नाही,
लाखोळीची भाजी करपली तरी वास आला नाही.
रात्री सगळं घर झोपलं की
छपराचे वासे मोजायचे. सतरा.
पुन्हा मोजायचे. सतराच.

ग्रामीण रुग्णालयात, औषधांच्या खोक्यांमागं
पल्लवी उके नावाच्या पोरीचं टेबल आहे.
तिनं विचारलं, आधी काय आलं,
दुखणं की हे मन बसणं?
मागावर ते ठरलेलं असतं, आधी ताणा, मग बाणा.
पण कापड विणून झाल्यावर, बाई,
एक धागा ओढला की दुसरा चुणतो.
मग कोण आधीचा?

विहिरीकडे फार वेळ पाहणं होतं,
हेही सांगून टाकलं.
तिनं पेन खाली ठेवलं.
खूप वेळ उचललं नाही.

मग एक कागद दिला, माणसाचं चित्र,
नुसत्या रेषेचं, बाई की पुरुष कळत नव्हतं.
दुखतं तिथं रंगवा.
कंबर रंगवली, मांडी रंगवली,
पुढं हात थांबेना,
रेषेबाहेर गेले, डोक्याच्या वर,
पायाखालच्या पांढऱ्या जागेत,
जिथं चूल असायला हवी तिथपर्यंत.
चुकलं का, विचारलं.
"राहू द्या तसंच," म्हणाली.

आता रात्रीची एक गोळी आहे, कनकीएवढी.
गोपीचंद म्हणाला, "पागलाची गोळी हाय ते."
मी म्हटलं, कंबरेची हाय.
दोघंही खरं बोललो नव्हतो,
अगदी खोटंही नाही.
पण परवा त्यानं पाणी आणून दिलं. न मागता.
पेला आपटला, पण आणला.

पाखरू भोक पाडून निघून गेलं की
त्या कोशाचा धागा अखंड येत नाही.
आम्ही तोही कातायचो,
गाठीगाठीचा, जाड, भाव कमी.
फेकला मात्र कधी नाही.

काल मंगळवार.
दुखणं आहे. वासे अजून सतराच आहेत,
पण दोनदा मोजले, चारदा नाही.
पल्लवीनं विचारलं, दहापैकी किती?
सात, म्हटलं.
खरं तर आठ होते.
पोरगी तुमसरहून उपाशी येते,
एक कमी सांगितला तर काय बिघडतं.

उठताना तिच्या वहीत डोकावले.
तिनं आठच लिहिले होते.